प्लास्टरमधलं हसू

घरात तिला सगळे वकीलीण म्हणायचे. कायद्याच्या कॉलेजची पायरीसुद्धा ती कधी चढली नव्हती, पण लहानपणी "झोपायची वेळ झाली" म्हटलं की ती "कुणी ठरवली?" असं विचारायची, म्हणून आजोबांनी हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. मोठेपणी ती शहरातल्या मोठ्या संग्रहालयात नोकरीला लागली तेव्हा आजोबा म्हणाले, "घ्या. आता पगार घेऊन भांडणार."

त्यात चेष्टा कमी आणि खरं जास्त होतं. संग्रहालयाने तिला भांडायलाच घेतलं होतं. परक्यांचं राज्य होतं तेव्हा डोंगरातल्या वस्त्यांमधून उचलून आणलेल्या वस्तूंचं एक अख्खं दालन तिथे होतं. इतकी वर्षं त्या वस्तूंबद्दल काय लिहायचं ते ज्यांनी उचलल्या त्यांनीच ठरवलं होतं. आता दालन नव्याने मांडायचं होतं आणि या वेळी ज्यांच्या वस्तू त्यांना विचारून. वस्त्यांनी मिळून एक समिती नेमली. संग्रहालयाने समितीशी करार केला, की काय ठेवायचं, काय परत न्यायचं आणि काय कुणालाच दाखवायचं नाही, हे समिती सांगेल. या दोघांच्या मधलं माणूस म्हणजे वकीलीण. पदाचं नाव सह-क्युरेटर. काम मात्र दोन्हीकडची बोलणी खायचं.

समितीची अध्यक्ष तिची सख्खी आत्याच होती. आत्याने आयुष्यभर सरकारी दवाखान्यात नर्सची नोकरी केली होती आणि समितीही ती वॉर्डासारखीच चालवायची. भेटीची वेळ संपली म्हणजे संपली, मग बाहेर कुणी कितीही रडो. टोपल्या, हत्यारं, दागिने यांवर महिनोन् महिने वाद झाले. काही वस्तू परत आल्या, काही लोकांनीच तिथे राहू दिल्या. चेहऱ्यांवर मात्र वाद झालाच नाही.

चेहरे म्हणजे प्लास्टरचे चेहरे. चाळीसेक होते. त्या काळी एक डॉक्टर शिपाई आणि प्लास्टरची पोती घेऊन वस्तीत आला होता. त्याने माणसांना ओळीने बसवलं, त्यांची डोकी मोजली, मग एकेकाला आडवं करून चेहऱ्याला तेल चोपडलं, नाकपुड्यांत नळ्या खुपसल्या आणि वरून ओलं प्लास्टर थापलं. ते घट्ट होईपर्यंत हलायचं नाही. त्या साच्यांतून पुढे चेहरे ओतले गेले. त्याला म्हणे माणसांचे प्रकार ठरवायचे होते. प्रत्येक चेहऱ्यामागे त्याने पेन्सिलीने नाव लिहून ठेवलं होतं, त्यामुळे कोण कुणाच्या घरातलं ते आता सगळ्यांना कळलं होतं.

त्यात आजोबांच्या आईचा चेहरा होता. आणि आजोबांचाही होता, पाच-सहा वर्षांचे असतानाचा. त्या चाळीस जणांपैकी जिवंत असे ते एकटेच. त्यांची आई त्यानंतर थोड्याच दिवसांत तापाने गेली. तिचा फोटो नव्हता. तेव्हा वस्तीत कुणाचाच फोटो नसायचा.

समितीने ठरवलं, की चेहरे घरी आणायचे आणि वस्तीच्या वरच्या माळावर पुरायचे. एकही मागे ठेवायचा नाही, कुणाचा फोटो काढायचा नाही. "जबरदस्तीने घेतलेला चेहरा त्यांच्या कपाटात राहिला काय आणि आपल्या भिंतीवर राहिला काय," आत्या म्हणाली, "तो घेतलेलाच."

या ठरावासाठी सगळ्यांत जास्त जोर लावला होता तो वकीलिणीने. पणजीच्या चेहऱ्याखाली जुनी पाटी होती, "स्त्री. स्वभाव आनंदी." त्या चेहऱ्याच्या ओठांचे कोपरे खरंच वर गेलेले होते. ती पाटी पहिल्यांदा वाचली तेव्हा वकीलीण संग्रहालयाच्या बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिली होती. प्लास्टरचं काम जाणणाऱ्या एकाने तिला सांगितलं, की असे कोपरे मागाहून कोरणीने उचलता येतात. तिला तेवढं पुरलं. नव्या दालनासाठी तिने मजकूर लिहिला, "हे हसू तिचं नाही. ते बनवणाऱ्याचं आहे." दालनाच्या प्रमुख क्युरेटरबाईंना ते वाक्य इतकं आवडलं, की ते भिंतीवर मोठ्या अक्षरांत घ्यायचं ठरलं.

एवढं सगळं चाललेलं असताना आजोबा त्यावर एक अक्षर बोलले नव्हते. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी घाटातली बस चालवली होती. आता नव्वदीला टेकले होते आणि डोळ्यांना नुसत्या आकृत्या दिसायच्या. चेहरे घरी यायचे त्याच्या आदल्या आठवड्यात वकीलीण सुट्टीवर आली होती आणि त्यांना संत्रं सोलून देत होती.

"गाडी कधी जाणार त्यांना आणायला?" त्यांनी विचारलं.

"येत्या आठवड्यात."

त्यांनी एक फोड तोंडात घोळवली, बी हातावर काढली.

"त्याच्याआधी मला एकदा ने."

"आजोबा, ते इथेच येणार आहेत की."

"इथे आल्यावर सगळ्यांचे होतील. त्याच्याआधी ने."

*

क्युरेटरबाई संग्रहालयाच्या मागच्या दारापाशी उभ्या होत्या. पन्नाशीच्या, हळू बोलणाऱ्या बाई. गेल्या काही वर्षांत त्यांना माफी मागायची सवयच लागली होती. गाडी लांब लावावी लागली म्हणून त्यांनी माफी मागितली, लिफ्ट लहान आहे म्हणून मागितली, खोलीत गारठा आहे म्हणून मागितली आणि शेवटी एकूण सगळ्याबद्दलच मागायला लागल्या.

"बाई," आजोबा म्हणाले, "तेव्हा तुमचा जन्म तरी झाला होता का?"

"नाही."

"मग द्या सोडून."

कोठारघर म्हणजे बिनखिडकीची लांबलचक खोली होती. दोन्ही बाजूंना पत्र्याची कपाटं, मध्ये टेबलं, छतात कुठेतरी यंत्राची घरघर. बाईंनी दोन चेहरे आधीच काढून एका टेबलावर पांढऱ्या स्पंजवर ठेवले होते. एरवी तिथे कशालाही हात लावायचा तर हातमोजे घालावे लागायचे. आज बाईंनीच ते दूर सारले.

वकीलिणीने आजोबांचा हात धरून आधी लहान चेहऱ्यावर ठेवला. त्यांनी कपाळ चाचपलं, आक्रसलेल्या भुवया चाचपल्या, वाकडं झालेलं तोंड चाचपलं, आणि ते चक्क हसले.

"हा तर बोंब ठोकतोय."

"हो."

"ठोकली होती मी. फार ठोकली होती."

मग त्यांनी हात शेजारी नेला. आईच्या चेहऱ्यावर त्यांची बोटं सावकाश फिरली. केसांच्या रेषेवरून खाली, नाकावरून, गालावरून. ओठांपाशी आल्यावर थांबली. एका कोपऱ्यावर गेली, दुसऱ्यावर गेली, परत पहिल्यावर आली.

"ही हसतेय," ते म्हणाले.

"नाही आजोबा, ते त्या लोकांनी नंतर कोरून…"

"गप."

सगळ्या जन्मात त्यांनी तिला कधी गप म्हटलं नव्हतं. ती गप्प झाली. क्युरेटरबाई भिंतीपाशी सरकल्या.

"आम्ही ओळीत शेवटी होतो," आजोबा म्हणाले. बोटं ओठांवरून काढली नव्हती. "आमच्या पुढच्या बाईचं काढलं तेव्हा प्लास्टरबरोबर तिच्या भुवया उपटून आल्या. काय किंचाळली ती. मग मला धरायला आले तर मी शिपायाच्या हाताला चावलो. त्याने मला एक ठेवून दिली. तेव्हा आई पुढे झाली. म्हणाली, आधी माझं करा. आणि मला म्हणाली, तू इथे माझ्या डोक्यापाशी बस. मी आत हसत राहीन. मी हसतेय म्हणजे दुखत नाहीये, असं समज. मग तिच्या तोंडावर ते पांढरं चढत गेलं. नाक गेलं, तोंड गेलं. मी सारखा विचारत होतो, आई, हसतेस ना? तिला बोलता येत नव्हतं. ती अंगठा हलवायची. असा."

त्यांनी आपला अंगठा हलवून दाखवला.

"मला वाटायचं, हे मी मनानेच रचलं असेल. पोरवयात माणूस काय वाटेल ते रचतो. आणि पांढऱ्याखाली ती हसत होती की नव्हती, ते मला कसं कळणार?" त्यांची बोटं परत ओठांच्या कोपऱ्यावर गेली. "हसत होती. शेवटपर्यंत हसत होती ती."

छतातलं यंत्र घरघरत राहिलं. वकीलिणीला भिंतीवर जाणारं आपलं वाक्य आठवलं आणि तिला तिथे बसावंसं वाटलं, पण खुर्ची एकच होती आणि तिच्यावर आजोबा बसले होते.

"वकीलीणबाई," ते म्हणाले, "मला ही हवी."

तिने क्युरेटरबाईंकडे पाहिलं. बाई डोळे पुसत होत्या, पण आवाज त्यांनी सांभाळला. "माझी काहीच हरकत नाही. पण करार समितीशी आहे. समितीने सांगितलं तर आज संध्याकाळी घरी पोचता करते. समितीला डावलून मी एक चेहरा दिला, तर या कराराला अर्थ काय राहिला?"

त्यांचं बरोबर होतं. तो करार शब्द न् शब्द वकीलिणीनेच लिहून घेतला होता.

*

आत्या स्वयंपाकघरात उभ्या उभ्याच ऐकत होती. सगळं ऐकून झाल्यावर तिने गॅस बंद केला.

"बाबा, मला नाही म्हणायला लावू नका."

"मी कुठे लावतोय? तू म्हणतेस."

"अध्यक्ष मी. माझ्याच घरापासून सवलत द्यायला सुरुवात केली तर उद्या कुठल्या तोंडाने मी दुसऱ्याला अडवू?"

"तू समितीत नसतीस तर काय म्हणाली असतीस?"

आत्याने ओला फडका घेतला. ओटा पुसला. स्वच्छ ओटा तिने परत एकदा पुसला.

समितीची बैठक शाळेच्या खोलीत भरली. आजोबांनी जे सांगायचं ते वकीलिणीने सांगावं असं ठरलं, कारण ते स्वतः यायला तयार नव्हते. तिने सगळं सांगितलं. मग मास्तर बोलले. मास्तर म्हणजे वस्तीतल्या शाळेचे निवृत्त हेडमास्तर, मऊ स्वभावाचे. भुवया उपटून निघालेली ती ओळीतली बाई त्यांची आजी होती.

"तुझ्या आजोबांना त्यांची आई मिळावी असं मलाही वाटतं," ते म्हणाले. "पण माझ्या आजीचं काय करू? तिच्या तोंडावर हसू नाही. ती काही कुणासाठी आत गेली नव्हती, तिला ढकललं होतं. तुमचा चेहरा घरात राहिला की लोक तोच बघायला येणार. पेपरवाले येणार. हसणारी बाई. आणि मग म्हणतील, बघा, हसत हसत करून घेतलं यांनी."

"त्यांनी तसं म्हणू नये म्हणून तर आपण सगळं लिहिणार आहोत," वकीलीण म्हणाली.

"लिहिलेलं कोण वाचतं? चेहरा बघतात लोक."

मागून कुणीतरी म्हणालं, की जुन्या वस्तू विकत घेणारा एक माणूस गेल्या महिन्यात वस्तीत चौकशा करून गेलाय. आणखी कुणी म्हणालं, की एकाला दिला तर मलाही माझ्या चुलत्याचा हवा. दुसऱ्या बाईने त्यावर तोंड फिरवलं. खोलीत कुजबुज वाढायला लागली. इतके महिने जो ठराव एका आवाजात उभा होता तो आता चिरकायला लागलाय, हे वकीलिणीला स्पष्ट ऐकू येत होतं.

आत्याने टेबलावर पेन आपटलं. "हिचं मत काय ते विचारू. हिला मत देता येत नाही, पण दोन्हीकडचं हिला माहीत आहे. बोल."

वकीलीण उभी राहिली. आयुष्यभर जिला कधी शब्द कमी पडले नव्हते, तिला त्या वेळी दोनच वाक्यं सुचत होती. एक आजोबांसाठीचं होतं. ती मास्तरांकडे बघत होती आणि मास्तर स्वतःच्या भुवईवरून नकळत बोट फिरवत होते.

"ठराव सगळ्यांचा आहे," ती म्हणाली. "तो मोडू नये." आणि खाली बसली.

ठराव आहे तसाच ठेवायला हात वर झाले. आत्याचाही झाला. शेवटी मास्तरांनीच सुचवलं, की आजोबा हयात आहेत, तेव्हा त्यांच्या स्वतःच्या चेहऱ्याचं काय करायचं ते त्यांनीच सांगावं. त्याला कुणी नाही म्हटलं नाही.

वकीलीण निरोप घेऊन घरी गेली. आजोबा पलंगावर बसून रेडिओ ऐकत होते. तिने सांगितलं, आपण काय बोललो तेही सांगितलं. त्यांनी रेडिओचा आवाज बारीक केला.

"माझा तिच्या शेजारी ठेवा," ते म्हणाले. "तेव्हाही मी शेजारीच होतो." आणि आवाज परत मोठा केला.

*

माळावर त्या दिवशी कोरडा वारा होता. खड्डा लांब आणि उथळ खणला होता, खाली चादरी अंथरल्या होत्या. ज्या त्या घरच्यांनी आपापला चेहरा हातांत धरून आणला आणि ठेवला. आजोबांनी आईचा ठेवला, वकीलिणीने त्यांचा. क्युरेटरबाई आल्या होत्या, पण कुंपणाबाहेर उभ्या होत्या. आत या असं त्यांना कुणी म्हटलं नाही आणि येऊ नका असंही म्हटलं नाही.

सगळे ठेवून झाले आणि मग एक गोष्ट लक्षात आली, जी इतक्या बैठकांत कुणाच्याच डोक्यात आली नव्हती. चाळीस चेहरे आकाशाकडे तोंड करून, डोळे मिटून पडले होते. हातात मातीची मूठ घेतलेली माणसं काठावर उभी होती आणि कुणाच्यानेही ती टाकवेना. उताण्या तोंडावर वरून काहीतरी ओतायचं, हेच तर तेव्हा झालं होतं. मास्तरांनी मूठ पुढे केली आणि परत मागे घेतली. एक बाई रडायला लागली. वारा मुठीतली माती ज्याच्या त्याच्या पायावर उडवत होता.

"थांबा," आत्या म्हणाली.

चपला काढून ती खड्ड्यात उतरली. गुडघे दुखत होते, कुणी हात दिला तो तिने घेतला नाही. एका टोकापासून तिने सुरुवात केली आणि एकेक चेहरा दोन्ही हातांनी उचलून कुशीवर वळवला, झोपलेल्या माणसाला वळवतात तसा, मानेखाली हात घालून. कुणाला कुणाकडे तोंड करायचं ते तीच ठरवत होती. आईच्या आणि मुलाच्या चेहऱ्यापाशी ती आली तेव्हा सगळ्यांनाच वाटलं की ती थांबेल. ती थांबली, पण जेमतेम. दोघांना एकमेकांकडे वळवलं आणि पुढे सरकली.

मग माती पडली.

*

नवं दालन दोन महिन्यांनी उघडलं. भिंतीवरचं ते वाक्य वकीलिणीने काढून टाकायला लावलं. क्युरेटरबाईंनी हळूच विचारलं, की त्याच्या जागी खरं काय घडलं ते आजोबांच्या शब्दांत देता येईल का. लोकांना कळायला हवं. वकीलिणीलाही तसंच वाटत होतं. तिने घरी जाऊन विचारलं.

"नको," आजोबा म्हणाले. "ती माझ्यासाठी हसली होती. येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी नाही."

त्यामुळे भिंतीवर एवढंच राहिलं, की इथे काही चेहरे होते, ते जबरदस्तीने घेतलेले होते, ते आता घरी गेले आहेत. सगळं खरंच होतं. उद्घाटनाला भाषणं झाली, करार कसा आदर्श आहे ते सांगितलं गेलं, इतर ठिकाणचे लोक वकीलिणीकडून कराराची प्रत मागून घेऊन गेले. तिने सगळ्यांना ती दिली.

घरी आजोबा खंगत चालले होते. जेवण कमी झालं, रेडिओ बंद झाला. आधी तिला वाटलं ते तिच्यावर रागावलेत. एकदा तिने सरळ विचारलं.

"राग कसला," ते म्हणाले. "तू बरोबरच बोललीस. तुझ्या जागी मी असतो तरी तेच बोललो असतो." मग म्हणाले, "आधी डोळे मिटले की ती दिसायची मला. धड नाही दिसायची. कधी नुसते हात, कधी पाठमोरी. पाणी भरताना, मला हाक मारताना. तेवढं पुरायचं. आता डोळे मिटले की पांढरं तोंड येतं. नाक, डोळे, सगळं जिथल्या तिथे. पण पांढरं. हाक मारत नाही."

"जाईल ते हळूहळू."

"इतकी वर्षं सांभाळून ठेवलं होतं गं. आणि एकदा हात लावायला गेलो."

न्यायला सांगितलं होतं त्यांनीच, पण नेलं तिने होतं.

उन्हाळा सरता सरता क्युरेटरबाईंनी तिला खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं. समुद्रापलीकडच्या एका संग्रहालयातून फोन आला होता. इथल्या कराराची बातमी वाचून त्यांनी आपली तळघरं तपासली होती. त्या डॉक्टरने साच्यांतून चेहऱ्यांचा आणखी एक संच ओतून तिकडे पाठवला होता. बदल्यात त्या लोकांकडून पेंढा भरलेले पक्षी घेतले होते.

"सगळे?" वकीलिणीने विचारलं.

"सगळे. आणि त्यांना वाटतं, आणखी एका ठिकाणीही असावेत." बाई माफी मागणार होत्या, पण तिच्या तोंडाकडे बघून थांबल्या.

समितीआधी तिने आजोबांना सांगितलं. ते भिंतीकडे तोंड करून पडले होते.

"तिकडेही हसतच असेल," ते म्हणाले.

"साचा तोच ना, आजोबा."

"मग आणा तिला." जरा वेळाने त्यांनी विचारलं, "किती वेळा पुरायची असते गं आई?"

"या वेळी ती तुम्हाला मिळावी असं मी बोलेन. सगळ्यांसमोर बोलेन."

"नको. आता नको मला ती." त्यांनी पांघरूण वर ओढलं. "मला जी हवी होती, ती त्यात नाही."

आत्या मागच्या अंगणात दोरीवर कपडे वाळत घालत होती. वकीलिणीने उभ्या उभ्याच सांगून टाकलं. आत्याच्या हातातली ओली चादर अर्धी दोरीवर आणि अर्धी खाली राहिली. बादली पालथी घालून ती तिच्यावर बसली.

"परत माळावर," ती म्हणाली. "परत सगळ्यांना गोळा करायचं."

"हो."

"या वेळी मी नाही उतरणार खड्ड्यात."

"मी उतरेन."

"तुला माहीत नाही कसं असतं ते."

"सांग मग."

आत्या आपल्या हातांकडे बघत होती. पाण्याने त्यांना सुरकुत्या पडल्या होत्या.

"आयुष्यभर मढी वळवली मी वॉर्डात. काही वाटलं नाही. वाटून घ्यायचंच नसतं. माळावरही मी मनाशी म्हणत होते, प्लास्टर आहे, प्लास्टर आहे. मग आजीचा उचलला. जवळून कधी बघितलाच नव्हता तो मी, मुद्दामच. आणि ते माझं तोंड होतं गं. पंचवीस वर्षांची असताना माझं होतं तसं. हनुवटी, ओठ, सगळं. बाबांच्या बोटांना ते तिकडे संग्रहालयातच कळलं असणार. लहानपणी मला ते तोंडावरून हात फिरवून झोपवायचे. आणि त्यांच्याविरुद्ध मी हात वर केला."

वकीलीण तिच्याजवळ जमिनीवर बसली. सावल्या लांब झाल्या, चादरीचं खाली लोंबणारं टोक मातीत भिजून काळं झालं. कुणीच ते उचललं नाही.

"समिती बोलव," आत्या शेवटी म्हणाली. "रविवारची." मग गुडघ्यावर हात टेकून उठली, पदराला हात पुसले. "आणि चल आत. बाबांना गोळी द्यायची वेळ झाली."